सीसी, ओसी आणि गल्लीची रुंदी: मीरा-भाईंदरमध्ये बांधकाम परवानगी कशी मिळते

जे ट्रेनमध्ये उभं राहून ऐकतायत त्यांनी हँडल घट्ट धरा, कारण आज थोडे आकडे आहेत. आणि ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला मजकूर. बोलताना जे "अं… म्हणजे" झालं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या दीड महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कोणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे, कोण नवीन फ्लॅट बुक करतंय, कोणाच्या बाबांना गावठाणातलं घर वाढवायचंय. प्रश्न असा, की बिल्डिंग बांधायची परवानगी म्हणजे नेमकं काय असतं, ती देतं कोण, आणि मिळाली आहे हे आपल्याला कसं कळणार?

मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. पण आमच्या सोसायटीत "हा कॉम्प्युटरवाला आहे, याला पोर्टल कळेल" म्हणून मला रिडेव्हलपमेंट कमिटीवर बसवलं, आणि दोन वर्षं मी हेच वाचतोय. भाईंदर पश्चिमेला आमची बिल्डिंग आहे, 1983 ची. तळमजला अधिक तीन, चोवीस घरं. त्यामुळे आज जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि फाईलमधलं जास्त आहे.

सुरुवात एका गंमतीपासून करू. भाईंदरमध्ये रस्त्यांची नावं कशी आहेत बघा. साठ फुटी रोड. दीडशे फुटी रोड. रिक्षावाल्याला कोणा नेत्याचं अधिकृत नाव सांगा, तो तुमच्याकडे बघत राहील. "साठ फुटी" म्हणा, मीटर पाडलाच समजा. आपल्या शहरात रस्ता त्याच्या रुंदीने ओळखला जातो, आणि बांधकाम परवानगीच्या सगळ्या गणितात सगळ्यात मोठा आकडासुद्धा तोच आहे. तुमच्या दारासमोरचा रस्ता किती रुंद, यावर तुमची बिल्डिंग किती उंच जाणार हे बहुतेक ठरतं. कसं, ते थोड्या वेळाने.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आपल्या शहरातली अर्धी भांडणं कळणार नाहीत. मीरा-भाईंदर म्हणजे मुळात गावं. भाईंदर, मिरे, काशी, घोडबंदर, नवघर, खारी, आणि समुद्राकडे राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन. मधे मिठागरं आणि खाजण. लोकलने मुंबईला जाता येतं आणि घर परवडतं, म्हणून सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात इथे बिल्डिंगा उगवायला लागल्या. तेव्हा इथे ग्रामपंचायती होत्या. नगर परिषद झाली 12 जून 1985 ला. महापालिका झाली 28 फेब्रुवारी 2002 ला. आणि शहराचा विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो मंजूर झाला 1997 साली. आता क्रम बघा. आधी माणसं आली, मग बिल्डिंगा, मग नगर परिषद, मग आराखडा. आराखडा यायच्या आत शहर उभं राहून गेलं होतं. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 8 लाख 9 हजारांवर होती. मुंबईच्या शेजारी आहे म्हणून आपण छोटं शहर म्हणायचं, एवढंच.

आमची बिल्डिंग 1983 ची, म्हणजे नगर परिषदेच्याही आधीची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कायदा. घाबरू नका, दोनच नावं लक्षात ठेवायची आहेत. पहिलं, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. याच्या कलम 44 खाली तुम्ही परवानगीसाठी अर्ज करता, आणि कलम 45 खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे महापालिकेचा नगररचना विभाग, ती देतो किंवा नाकारतो. दुसरं नाव यूडीसीपीआर. ही एकत्रित विकास नियंत्रण नियमावली राज्याने 2 डिसेंबर 2020 ला मंजूर केली. त्याआधी प्रत्येक शहराचे नियम वेगळे असायचे. आता मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना आणि असे काही अपवाद सोडले तर राज्यभर हेच नियम. नागपूरला जे, तेच नाशिकला, तेच भाईंदरला.

पण मुंबई वेगळी आहे बरं का. दहिसर चेकनाका ओलांडला की नियमाचं पुस्तक बदलतं. तिकडे डीसीपीआर 2034, तिकडे आयओडी नावाचा कागद आधी मिळतो आणि मग सीसी. आमच्या मीटिंगमध्ये एक काका दर वेळी मोबाईल पुढे करून सांगायचे, "अरे हे बघ, बोरिवलीत 33(7)(बी) मध्ये एवढं मिळतंय." काका, ते कलम बोरिवलीत. आपण टोलनाक्याच्या अलीकडे राहतो. यूट्यूबवरचे रिडेव्हलपमेंटचे निम्मे व्हिडिओ मुंबईच्या नियमांवर आहेत. बघा जरूर, पण आपल्या बिल्डिंगचा हिशोब त्यावर करू नका.

कागद कोणते असतात? थोडक्यात सांगतो. मंजूर नकाशा आणि त्यासोबत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. ते मिळाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. मग जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी. आणि शेवटी नकाशाप्रमाणे बांधलंय हे तपासून मिळतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. सीसी म्हणजे "बांधा", ओसी म्हणजे "आता राहा". लोक राहायला जातात ते बऱ्याचदा या दोन्हींच्या मधे, आणि तिथेच सगळी गोची आहे.

वेळेबद्दल सगळ्यांना उत्सुकता असते. कायद्यात 60 दिवस आहेत. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, असं कलम 45 मध्येच लिहिलंय. हे वाचल्यावर मला वाटलं, वा, टाइमआउट लावलाय! पण नीट वाचल्यावर कळतं, की 60 दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून किंवा विभागाने विचारलेल्या शंकेला तुम्ही उत्तर दिल्याच्या तारखेपासून, जे नंतरचं असेल तिथून. म्हणजे त्रुटीचं पत्र आलं की घड्याळ परत शून्यावर. शिवाय प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच ही मानीव परवानगी. नाहीतर 61 व्या दिवशी तुम्ही बांधायला घ्याल ते अनधिकृतच. म्हणून चांगला आर्किटेक्ट अर्ज लवकर टाकायच्या मागे नसतो. तो आधी महिनाभर तुमच्याकडूनच कागद मागून तुमचं डोकं खातो. आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी सात-बारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, कन्व्हेयन्स, सोसायटीचे ठराव एवढं सगळं हातात आल्याशिवाय एक रेघ मारली नाही. तेव्हा लोक वैतागले होते.

छोट्या प्लॉटवाल्यांसाठी मात्र यूडीसीपीआरने खरंच सोपं केलंय. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल, तर नियमात बसणारा नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, आणि ती पोच हीच परवानगी. 150 ते 300 चौरस मीटरसाठी 10 दिवसांत परवानगी. पण सोसायट्यांना याचा उपयोग नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. नकाशा हल्ली कागदावर नाही, फाईलमध्ये जातो. आणि ती फाईल आधी माणूस बघत नाही, सॉफ्टवेअर बघतं. राज्यात बरीच वर्षं ऑटोडीसीआर नावाचं सॉफ्टवेअर वापरात आहे, पुण्याच्या कंपनीने बनवलेलं. ते काय करतं? कॅडच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक गोष्ट ठरलेल्या नावाच्या लेयरवर काढायची. प्लॉटची हद्द एका लेयरवर, रस्ता दुसऱ्या, खोल्या तिसऱ्या, जिना चौथ्या, पार्किंग पाचव्या. मग सॉफ्टवेअर प्रत्येक बंद आकृतीचं क्षेत्रफळ मोजतं, बाजूची मोकळी जागा मोजतं, जिन्याची रुंदी, खिडकीचं माप, सगळं नियमाशी ताडून बघतं आणि पास-नापास असा रिपोर्ट काढतं.

मॅडमच्या ऑफिसमध्ये मी तो रिपोर्ट पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे कोड टाकला की टेस्ट लाल होतात ना, अगदी तसंच. एका बाथरूमच्या भोवतीची रेघ एका कोपऱ्यात जुळली नव्हती. डोळ्यांना दिसणार नाही एवढी फट. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते बाथरूम अस्तित्वातच नव्हतं. मॅडमच्या हाताखालचा मुलगा हसून म्हणाला, "सर, रोजचंच आहे, रेघा जुळवणं हीच नोकरी आहे आमची."

पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. हे सॉफ्टवेअर नकाशाच्या आतलं सगळं तपासतं. नकाशाच्या बाहेरचं काहीच नाही. ड्रॉइंगमध्ये रस्ता 9 मीटर काढलाय म्हणजे तो गल्लीत 9 मीटर आहे का, हे त्याला कळत नाही. सात-बारावर नाव खरंच तुमचं आहे का, हे कळत नाही. ते काम अजून माणसाचं आहे. सर्व्हेअरने टेप घेऊन गल्लीत उतरायचं.

आणि आता येऊ त्या गल्लीवर. यूडीसीपीआरमध्ये मूळ एफएसआय 1.10 आहे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. या 1.10 वर पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो, आणि टीडीआर विकत घेऊन चढवता येतो. किती? रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. 9 मीटर झाला की प्रीमियम 0.50 आणि टीडीआर 0.40, म्हणजे एकूण 2.00. साठ फुटी रस्ता म्हणजे साधारण 18 मीटर, तिथे एकूण 2.50. दीडशे फुटी म्हणजे 45 मीटर, तिथे थेट 3.00. याशिवाय जिने, बाल्कनी, पॅसेज यांसाठी रहिवासी बांधकामाला 60 टक्के पूरक एफएसआय वेगळा. आता कळलं का, की साठ फुटी रोडवरच्या सोसायटीकडे बिल्डर रांग लावतात आणि आतल्या गल्लीतल्या सोसायटीचा फोन कोणी उचलत नाही?

आमची गल्ली मोजली. 7.20 मीटर.

ते ऐकून मीटिंगमध्ये जी शांतता पसरली, ती मी आमच्या बिल्डिंगमध्ये याआधी फक्त वर्ल्ड कप फायनलला अनुभवली होती. [हसू] प्लॉट साधारण 650 चौरस मीटरचा. 0.90 गुणिले 650, म्हणजे 585 चौरस मीटर. एवढं बांधकाम फक्त 1 मीटर 80 सेंटीमीटर रस्ता कमी पडतोय म्हणून हातातून जात होतं. आणि तेवढं बांधकाम विकायला नसेल, तर चोवीस घरं नवीन बांधून द्यायचा खर्च कुठून निघणार? कोणताही बिल्डर आला असता तरी हाच प्रश्न होता, आणि आम्ही स्वतः पुनर्विकास करायचं म्हटलं असतं तरी हाच.

यावर वाट आहे. महापालिका कायद्याच्या कलम 210 खाली पालिका रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. म्हणजे "ही गल्ली 9 मीटरची होणार" असं जाहीर करायचं, आणि जो जो पुनर्विकास करेल तो रस्त्याच्या मध्यापासून 4.50 मीटर सोडून मागे सरकणार. आमच्या वाट्याला येत होते 90 सेंटीमीटर. तीन फूट. तेवढ्यात कंपाउंडची भिंत, दोन नारळाची झाडं, आणि वॉचमनची खोली.

"तीन फूट जागा फुकट द्यायची?" हा वाद आमच्याकडे चार मीटिंग चालला. फुकट नाही, त्या जागेचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळतो, हे सांगून झालं. तरी एक आजोबा ऐकेनात. नारळाचं झाड त्यांनी लावलेलं. मला खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मूर्खपणाचा वाटला नाही. ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाला नवी बिल्डिंग तीन वर्षांनी मिळणार, झाड आज जाणार. शेवटी ते हो म्हणाले, पण ते नियमामुळे नाही. त्यांच्या बेडरूमच्या छताचं प्लास्टर पडलं, पलंगावर, नशिबाने दुपारी.

आणि रेषा काही आमच्यासाठी एकट्यासाठी ठरत नाही, अख्ख्या गल्लीची ठरते. जाहीर सूचना, हरकती, मंजुरी असा तो रस्ता आहे. गल्लीत आणखी सहा सोसायट्या. त्यातली एक म्हणे आमची बिल्डिंग नवी आहे, आम्हाला कशाला. मग रविवारी सकाळी आम्ही दारोदार गेलो, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. सगळ्यांना एकच सांगितलं: आज तुमचा पुनर्विकास नसेल, दहा वर्षांनी असेल, आणि तेव्हा ही गल्ली इतकीच असेल.

एवढ्यावर संपत नाही. आता ते 1983 आठवा.

यूडीसीपीआरमध्ये तीस वर्षांपेक्षा जुन्या किंवा धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाला प्रोत्साहन एफएसआय आहे. जुन्या बांधकामाच्या 30 टक्के किंवा दर घरामागे 15 चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. आमची चोवीस घरं, म्हणजे 24 गुणिले 15, 360 चौरस मीटर. फुटांत साधारण 3,875. हा आकडा आमच्यासाठी सगळा खेळ होता. पण नियमात एक शब्द आहे: अधिकृत. जुनं बांधकाम अधिकृत असलं पाहिजे, आणि ते दाखवायची जबाबदारी तुमची.

कसं दाखवणार? बिल्डर केव्हाच गेला. म्हणजे अक्षरशः, त्याचं ऑफिस होतं तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. कन्व्हेयन्स त्याने कधी केलाच नाही. आम्ही दहा वर्षांपूर्वी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स करून घेतला होता म्हणून निदान जमीन तरी नावावर होती. पण मंजूर नकाशा सोसायटीच्या कपाटात नव्हता. कपाटात होतं 1991 पासूनचं पाण्याचं बिल, घरपट्टीच्या पावत्या, आणि एका पूजेची वर्गणी-वही.

इथे तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात एक समज आहे, तो आत्ताच काढून टाकू. "आम्ही घरपट्टी भरतो, लाईट बिल आहे, पाण्याची लाईन आहे, रजिस्ट्रेशन झालंय, बँकेने लोन दिलंय, म्हणजे बिल्डिंग अधिकृतच." नाही. यातला एकही कागद बांधकाम परवानगी नाही. कर लावला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही. उलट महापालिका कायद्याच्या कलम 267अ मध्ये अनधिकृत बांधकामाला शास्ती लावायची तरतूद आहे, आणि ती शास्ती भरूनही बांधकाम अनधिकृतच राहतं. पिंपरी-चिंचवडचे जे ऐकतायत त्यांना शास्तीकर हा शब्द नवीन नाही.

याची किंमत किती असते ते खाडीपलीकडे बघा. नालासोपाऱ्यात अगरवाल नगरीजवळ 41 इमारती उभ्या राहिल्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर. उच्च न्यायालयाचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत सगळ्या पाडल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं. त्या घरांतही लाईट होते, पाणी होतं. मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. विरारला ऑगस्ट 2025 मध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळलं, 17 माणसं गेली. तीही अनधिकृत होती.

कल्याण-डोंबिवलीचं प्रकरण तर माझ्यासारख्या माणसाची झोप उडवणारं आहे. 65 इमारती. महापालिकेच्या परवानगीची बनावट पत्रं तयार केली, ती महारेराच्या संकेतस्थळावर चढवली, आणि रेरा नंबर मिळवले. लोकांनी रेरा नंबर बघून घरं घेतली! नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा. दोन सरकारी यंत्रणा. एकीकडे परवानगी देणारी पालिका, दुसरीकडे ती परवानगी बघून नंबर देणारी महारेरा. दोघांच्या मधे काय होतं? एक पीडीएफ. जी पालिकेकडून आली नाही, बिल्डरकडून आली. ज्याच्याबद्दल खात्री करायची, त्याच्याकडूनच पुरावा घ्यायचा! कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी असं केलं असतं तर सरांनी नापास केलं असतं. त्यानंतर महारेराने सीसी थेट पालिकेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. उशिरा, पण केली.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मीरा-भाईंदरचा यूएलसी घोटाळा आठवत असेल. नागरी जमीन कमाल धारणा कायदा, 1976. त्यातून सूट मिळाल्याची बनावट प्रमाणपत्रं, रहिवासी झोनची जमीन हरित झोनमध्ये दाखवून. राज्याने 2007 मध्ये तो कायदाच रद्द केला, पण त्या कागदांवर उभ्या राहिलेल्या इमारती राहिल्या. ठाण्यात 2016 मध्ये गुन्हा दाखल झाला, 2021 मध्ये अटका झाल्या, त्यात नगररचनेतले अधिकारीही होते. म्हणून शिक्का बघितला की समाधान मानायचं नाही. शिक्का कोणी मारला, कधी, आणि त्याची नोंद मूळ कार्यालयात आहे का, ते बघायचं.

परत आमच्या नकाशाकडे. 1983 म्हणजे ग्रामपंचायतीचा काळ. त्या वेळचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. बिनशेतीचा आदेश महसूल खात्याकडे, बाकीचं पंचायतीच्या जुन्या दप्तरात, जे पुढे नगर परिषदेकडे आलं. आम्ही नकलेसाठी अर्ज केले, माहिती अधिकारात अर्ज केले. आणि त्याच वेळी मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: ज्यांनी बिल्डरकडून पहिलं घर घेतलं असेल, त्यांनी मूळ करारनामा शोधा. कारण 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने करारासोबत नकाशाची प्रत जोडायची असते.

चोवीसपैकी पहिले मालक उरले होते तिघं. त्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांनी ट्रंक उघडली. वर लग्नाचा शालू, त्याखाली नवऱ्याचं मिलमधलं ओळखपत्र, त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत करारनामा. मागे टाचणीने जोडलेला निळसर नकाशा, त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख. टाचणी गंजून कागदाला भोक पडलं होतं, पण आकडा वाचता येत होता. आजी म्हणाल्या, "यांनी सांगून ठेवलं होतं, घराचे कागद कोणाला द्यायचे नाहीत. तू स्कॅन कर आणि इथंच परत ठेव." मी त्यांच्यासमोर बसून मोबाईलवर स्कॅन केलं. कागद घराबाहेर गेला नाही.

तो क्रमांक आणि तारीख घालून परत अर्ज केला. क्रमांक हातात असला की शोधणाऱ्याचंही काम सोपं होतं. 1983 मधली फाईल शोधा असं म्हणणं वेगळं, आणि अमुक तारखेचा अमुक आदेश द्या म्हणणं वेगळं. मूळ आदेशाची प्रमाणित नक्कल मिळाली. त्यात तळमजला अधिक तीन असंच होतं. शेजारच्या एका बिल्डिंगचा आदेश तळमजला अधिक दोनचा निघाला, आणि उभे आहेत तीन. त्यांच्या वरच्या मजल्यावरची सहा कुटुंबं प्रोत्साहनाच्या हिशोबात धरली जाणार की नाही, यावर आता त्यांच्याकडे रोज भांडण आहे. वरच्यांनी खालच्यांइतकेच पैसे मोजले होते. त्यांच्या मजल्याची मंजुरी बघायची असते, हे त्यांना 1980 च्या दशकात कोणी सांगितलं नव्हतं.

सध्या आम्ही कुठे आहोत? स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, सी-2ए आलंय. म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-1 आलं असतं तर लगेच बाहेर पडावं लागलं असतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट कायद्यानेच सक्तीचं आहे, कलम 265अ, तेव्हा ज्यांनी केलं नाही त्यांनी पावसाळ्याआधी करून घ्या. गल्लीच्या रेषेवर हरकतींची मुदत चालू आहे. प्रस्ताव त्यानंतर जाईल. आर्किटेक्ट मॅडम म्हणतात, रेषेआधी प्रस्ताव टाकला तर 1.10 मध्येच अडकून बसाल. लोकांना घाई आहे, पावसाळा जवळ येतोय, आणि मी रोज ग्रुपवर "अजून नाही" असं लिहितोय.

शेवटी एक प्रश्न घेतो, उत्तनहून आलाय. "आमचं आजोबांचं घर कोळीवाड्यात आहे, वर एक मजला चढवायचाय. 150 मीटरची सूट आम्हाला लागू होईल का?" भाऊ, आधी तीन गोष्टी बघ. घर ज्या जागेवर आहे त्याची मिळकत पत्रिका आहे का? गावठाणात बऱ्याच घरांची नसते, आणि मालकीचा कागद नसेल तर कोणतीही सूट पुढे सरकत नाही. दुसरं, जागा सीआरझेडमध्ये येते का? समुद्र आणि खाडीच्या बाजूला बहुतेक येतेच, आणि मग किनारा क्षेत्र व्यवस्थापनाचे नियम वेगळे लागतात, नुसती पोच चालत नाही. तिसरं, तुझ्या सर्व्हे नंबरसाठी नियोजन प्राधिकरण महापालिका आहे की एमएमआरडीए? त्या पट्ट्यात पर्यटन क्षेत्रासाठी एमएमआरडीए नेमली गेली होती, त्यामुळे अर्ज कोणत्या दारात न्यायचा हे आधी लेखी विचारून घे. आणि जुन्या घराचा फोटो, जुनी घरपट्टी, आजोबांच्या नावाचं जे काही असेल ते काढून ठेव. ते परवानगी नाही, हे मघाशी सांगितलं, पण घर केव्हापासून आहे हे सांगायला कामाला येतं.

बाकीचे प्रश्न पुढच्या भागात. पुढच्या वेळी आर्किटेक्ट मॅडमनाच बोलवतोय, त्यांनी हो म्हटलंय, फक्त रविवार सोडून. तुमच्याकडे जुना करारनामा असेल तर मागे जोडलेल्या नकाशावरचा क्रमांक आणि तारीख मला लिहून पाठवा, नावं नको. ते आकडे कसे वाचायचे, हे त्यांच्याकडूनच ऐकू. चला, भेटू.